‘ध’ चा ‘मा’ आणि तळघरातली भिंत



राखेच्या बुधवारच्या आधीचे तीन-चार दिवस गोव्यात कार्निव्हलचे असतात. आपल्या चर्चमध्ये गोव्याकडची जी कुटुंबे आहेत, त्यांतील वडीलधारी माणसे त्याला ‘इंत्रूज’ म्हणतात. उपवासकाळ लागण्यापूर्वी खाऊन-पिऊन घ्यायचे, सोंगे काढायची, थट्टामस्करी करायची आणि मग बुधवारी कपाळाला राख लावून घ्यायची. नेमक्या याच दिवसांत घडणारी एक गोष्ट अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने १८४६ साली लिहिली. ‘द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो’ हे तिचे नाव. भयकथांमध्ये तिची गणना होते, पण तिच्यात भूत नाही, चेटूक नाही. दोन माणसे आहेत आणि एक तळघर आहे. सूड आणि कपट यांविषयी इतके थोडक्यात आणि इतके नेमके सांगणारी गोष्ट माझ्या वाचनात दुसरी नाही.

मॉन्ट्रेसॉर नावाचा खानदानी माणूस ही गोष्ट सांगतो. फॉर्च्युनाटोने आपला अपमान केला, असे तो पहिल्याच वाक्यात म्हणतो. कोणता अपमान? हे तो शेवटपर्यंत सांगत नाही. कार्निव्हलच्या संध्याकाळी विदूषकाची घुंगरांची टोपी घातलेला, बऱ्यापैकी प्यायलेला फॉर्च्युनाटो त्याला रस्त्यात भेटतो. फॉर्च्युनाटोला दारूतले आपल्याला फार कळते असा अभिमान आहे. मॉन्ट्रेसॉर म्हणतो, मी अमॉन्टिलाडोचे एक पिंप घेतले आहे, पण ते अस्सल आहे की नाही याची शंका आहे. तुम्ही कामात दिसता, मी दुसऱ्या जाणकाराकडे जातो. झाले! फॉर्च्युनाटो हट्टाने त्याच्या घरी येतो. घराखालच्या तळघरात त्या घराण्यातल्या मृतांची हाडे रचून ठेवलेली आहेत. भिंतींवर लोणा चढला आहे, हवा दमट आहे, फॉर्च्युनाटोला खोकल्याची उबळ येते. मॉन्ट्रेसॉर पुन्हा पुन्हा म्हणतो, परत जाऊ या, तुमची तब्येत बिघडेल. तो जितके परत फिरायला सांगतो, तितका हा पुढे जातो. शेवटी एका कोनाड्यात त्याला साखळीने जखडून मॉन्ट्रेसॉर थापी काढतो आणि दगड-चुन्याने त्या कोनाड्याचे तोंड बंद करू लागतो. जिवंत माणसासमोर भिंत चढत जाते. फॉर्च्युनाटोची नशा उतरते. आधी तो ओरडतो, मग हसतो आणि म्हणतो, मस्करी छान झाली, आता चला, घरी बायको आणि मंडळी वाट बघत असतील. मग तो देवाची शपथ घालतो. मॉन्ट्रेसॉर त्याचेच शब्द त्याला परत ऐकवतो. त्यानंतर आतून फक्त घुंगरांचा आवाज येतो. या गोष्टीला पन्नास वर्षे झाली, ती हाडे कोणी हलवली नाहीत, असे सांगून मॉन्ट्रेसॉर मृताच्या शांतीसाठी लॅटिन प्रार्थनेचे शब्द उच्चारतो आणि कथा संपते.

फॉर्च्युनाटो कसा फसला, हे सरळ आहे. आपण मोठे जाणकार आहोत ही त्याची घमेंड त्याला खाली घेऊन गेली. मला अधिक विचार करायला लावतो तो फसवणारा. वरवर पाहता त्याचे कपट फॉर्च्युनाटोसाठी आहे. पण थोडे जवळून पाहा. तो पाहुण्याला परत जायला सांगतो, एकदा नव्हे, अनेकदा. नोकरांना त्याने बजावलेले असते की मी सकाळपर्यंत येणार नाही, तुम्ही घर सोडू नका. आणि असे सांगितले की ते नक्की पळून जाणार, हे त्याला ठाऊक असते. म्हणजे नोकर गेले ते स्वतःहून, फॉर्च्युनाटो आला तोही स्वतःहून! मॉन्ट्रेसॉरने कुणालाच ढकलले नाही. आणि शेवटचा दगड बसवताना जेव्हा त्याच्या काळजात कळ येते, तेव्हा तो लगेच कारण देतो की ती तळघरातल्या दमट हवेमुळे आली. पन्नास वर्षांनंतरही तो हेच कारण सांगतो. कपटाचा निम्मा भाग शत्रूसाठी होता, उरलेला निम्मा स्वतःसाठी. उद्या स्वतःच्या मनाने विचारलेच, तर ‘मी तर परत जा म्हटले होते’ असे म्हणायची सोय त्याने आधीच करून ठेवली होती.

ही सोय करून ठेवण्याची कला अमेरिकेतून किंवा इटलीतून शिकायला नको. आपल्या मराठीत तिच्यासाठी एक वाक्प्रचारच आहे: ‘ध’ चा ‘मा’ करणे.

शाळेत आपण सगळे ही हकीकत शिकलो. तरीही ती पुन्हा नीट आठवून पाहू. थोरले माधवराव पेशवे नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले आणि धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला. वय सतरा. काका रघुनाथराव, ज्यांना आपण राघोबादादा म्हणतो, ते अडतीस वर्षांचे होते. १७५८ मध्ये त्यांच्या फौजा लाहोरपर्यंत गेल्या होत्या. अशा माणसाला आधी एका पुतण्याच्या आणि मग दुसऱ्या, अगदी पोरसवदा पुतण्याच्या हाताखाली राहावे लागले. माधवरावांविरुद्ध त्यांनी शस्त्र उचलले, १७६८ मध्ये धोडपला ते हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले. नारायणरावाच्या काळात थोडी मोकळीक मिळाली आणि पुन्हा पहारा बसला. त्यांच्या मनात काय साचले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. सत्तेची हाव होतीच. पण अपमानाचा सल खरा होता. मॉन्ट्रेसॉरसारखा तो न सांगितलेला नव्हता.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. पगार थकला म्हणून चिडलेले गारदी सुमेरसिंगाच्या पुढारीपणाखाली शनिवारवाड्यात घुसले. अठरा वर्षांचा नारायणराव पळत काकांच्या दालनात गेला आणि त्यांना मिठी मारली. ‘काका, मला वाचवा’ ही हाक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि अमावास्येला ती अजूनही वाड्यात ऐकू येते असे पुण्यात हौसेने सांगणारे लोक आहेत. (मराठी माणसाची खास भयकथा म्हणायची तर हीच!) मिठीतून ओढून काढून त्याला मारले. त्याला वाचवायला अंगावर पडलेला चाफाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला.

आता ते पत्र. परंपरा सांगते की नारायणरावाला ‘धरावे’ असा रघुनाथरावांचा हुकूम होता, म्हणजे फक्त कैद करावे. आनंदीबाईंनी त्यातल्या ‘ध’ चा ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. हे खरे कितपत, याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही, आणि एका बाईच्या माथी सगळा दोष मारणे आपल्याकडे नेहमीच सोपे गेले आहे. पण ती कथा खरी मानली तरी तिच्यातला ‘धरावे’ हा शब्द मला ‘मारावे’पेक्षा अधिक अस्वस्थ करतो. थकलेल्या पगारासाठी चवताळलेल्या, हत्यारबंद माणसांना आपल्या शत्रूच्या घरात सोडायचे आणि हुकूम मात्र ‘धरावे’ असा द्यायचा! मॉन्ट्रेसॉरचे ‘परत जाऊ या’ आणि राघोबांचे ‘धरावे’ यांत मला फरक दिसत नाही. अक्षर कोणीही बदललेले असो, मूळ अक्षरच आडोशासाठी लिहिले होते.

पवित्र शास्त्राला हा आडोसा चांगला परिचित आहे. दावीद राजाने उरियाला मारले नाही. त्याने सेनापतीला पत्र लिहिले, की याला लढाई घनघोर असेल तिथे पुढे ठेव आणि मागे हटा. ते पत्र त्याने उरियाच्याच हातून पाठवले. उरिया इमानी होता, त्याने ते उघडून पाहिले नाही. त्याच्या इमानावरच दाविदाचा बेत उभा होता. पुढे दाविदाच्या घरात काय झाले पाहा. त्याचा मुलगा अम्नोन आजाराचे सोंग करून सावत्र बहीण तामार हिला जवळ बोलावतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. दाविदाला राग येतो, पण तो काहीच करत नाही. ज्याने स्वतः एक पत्र लिहून माणूस संपवला, तो मुलाला कोणत्या तोंडाने जाब विचारणार? तामारचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षे गप्प राहतो, अम्नोनशी बरे-वाईट काही बोलत नाही. मग मेंढरांची लोकर कातरण्याच्या सणाला सगळ्या भावांना जेवायला बोलावतो, अम्नोनला दारू चढू देतो आणि नोकरांना खूण करतो. सण, दारू, आमंत्रण: पोच्या कथेतले सगळे सामान इथे हजारो वर्षे आधीच जमलेले आहे.

अबशालोमाची बाजू मी झटकून टाकणार नाही. बहिणीवर अत्याचार झाला होता आणि न्याय करण्याची ज्याची जबाबदारी, तो बाप गप्प होता. सूडाचा विषय निघाला की आपण चर्चमध्ये लगेच क्षमेकडे वळतो, आणि ज्याचे खरोखर नुकसान झाले आहे तो मनात म्हणतो, यांना बोलायला काय जाते. दुखावलेल्या माणसाला न्याय मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो कसा मागावा, हेही प्रभू येशूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात पायरीपायरीने सांगितले आहे: आधी अपराध करणाऱ्याला एकट्याला गाठून त्याची चूक त्याला सांगा, ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर न्या, तरी ऐकले नाही तर मंडळीसमोर ठेवा. यातली प्रत्येक पायरी उजेडातली आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला ती पहिल्यांदा कळते. कपटात ती त्याला शेवटी कळते, किंवा कळतच नाही. आपल्याला कशाबद्दल मारले जात आहे, हे फॉर्च्युनाटोला कोणीच सांगितले नाही. गंमत म्हणजे, बदला घेणारा कोण आणि कशासाठी हे शत्रूला जाणवले पाहिजे, असा मॉन्ट्रेसॉरचा स्वतःचाच नियम होता! खुद्द पोचेही त्या वर्षी थॉमस डन इंग्लिश नावाच्या लेखकाशी कडाक्याचे भांडण चालले होते. बदनामी करणारा मजकूर छापला म्हणून पोने वृत्तपत्रावर दावा लावला आणि १८४७ मध्ये तो जिंकला. तळघर त्याने कथेपुरते ठेवले आणि स्वतःसाठी कोर्टाची पायरी चढला.

आपल्या नवी मुंबईत तळघरे नाहीत आणि गारदीही नाहीत. पण सोसायटीच्या भांडणातून कुणाच्या तरी ऑफिसात गेलेला निनावी अर्ज असतो. ‘मी फक्त खरी माहिती कळवली.’ गावच्या जमिनीच्या कागदावर म्हाताऱ्या बहिणीचा अंगठा घेतलेला असतो. ‘मी काय लिहिले होते ते तिला वाचून दाखवले होते, तिने ऐकले नाही.’ साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून भाऊ भावाशी बोलत नाही, आणि पुतण्याच्या लग्नाची बोलणी चालू असताना मुलीकडच्यांना फोन जातो. ‘त्यांनी विचारले म्हणून सांगितले, आपण होऊन नाही.’ या प्रत्येक वाक्यात एक ‘धरावे’ आहे. त्यातला शब्द न्‌ शब्द खरा असू शकतो, म्हणूनच ती वाक्ये इतकी टिकाऊ असतात. खोटे बोललो, हे माणसाला कधीतरी टोचते. खऱ्या शब्दांनी रचलेला आडोसा टोचत नाही.

आणि इथेच पापनिवेदनाचा प्रश्न येतो, ज्याला आपले जुने लोक कुमसार म्हणतात. पोच्या कथेत मॉन्ट्रेसॉर कोणाला तरी उद्देशून बोलतो, माझा स्वभाव तुम्हाला चांगला ठाऊक आहे असे म्हणतो. ऐकणारा कोण, हे लिहिलेले नाही. काही वाचकांना वाटते की मरणपंथाला लागलेला म्हातारा आपल्या धर्मगुरूपुढे पापनिवेदन करतो आहे. कथा कॅथलिक देशातली आहे, शेवट लॅटिन प्रार्थनेने होतो. त्यामुळे हा अर्थ लागू शकतो. मग आपण विचारू: हे पापनिवेदन झाले का? सांगायचे काही त्याने बाकी ठेवले नाही. दगड किती थर चढले हेसुद्धा सांगितले. पण ख्रिस्तसभा तीन गोष्टी मागते: मनापासून पश्चात्ताप, पापांची कबुली आणि भरपाई. त्याच्याकडे मधली एकच आहे, आणि तीही एखाद्या कारागिराने आपले काम दाखवावे तशी. काळजात उठलेली ती एक कळ, जी पश्चात्तापाची सुरुवात ठरली असती, ती त्याने दमट हवेच्या नावावर टाकली. स्वतःसाठी केलेली सोय अशी पन्नास वर्षांनी उलटते. शत्रूला कोंडायला बांधलेल्या भिंतीच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत, हे त्याला कळेनासे झाले आहे.

राघोबादादांनीही प्रायश्चित्त विचारले होते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाची चौकशी केली आणि मुख्य दोष राघोबांकडेच येतो असे ठरवले. तेव्हा पेशवाईची वस्त्रे राघोबांनाच मिळालेली होती. प्रायश्चित्त काय, असे विचारल्यावर शास्त्रीबोवांनी ‘देहान्त’ असे उत्तर दिले आणि ते पुणे सोडून निघून गेले, ही आठवण मराठी घराघरांत सांगितली जाते. विचारण्यामागे राघोबांच्या मनात काय होते, ते परमेश्वराला ठाऊक. मला इतकेच दिसते की गादी हातात ठेवून प्रायश्चित्त विचारले गेले. दान, व्रत, तीर्थयात्रा असे काही सांगितले असते तर ते आनंदाने झाले असते. खुनातून मिळालेली वस्तू परत करण्याचा विषयच नव्हता. नाथान संदेष्टा दाविदाकडे गेला तेव्हा दाविदाने मात्र पत्राचा, सेनापतीचा, लढाईचा कशाचाच आडोसा घेतला नाही. आपण परमेश्वराविरुद्ध पाप केले एवढेच तो म्हणाला.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. बारभाई एकत्र आले, रामशास्त्री परतले, एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावाच्या विधवा पत्नीला पुरंदरावर मुलगा झाला आणि राघोबांची गादी गेली. ती परत मिळवायला ते इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडला उतरतो तो पलीकडचा काठ म्हणजे साष्टी. आपल्यापैकी कितीतरी ईस्ट इंडियन कुटुंबांची मूळ घरे तिथली किंवा वसईची. जी वसई राघोबांचे काका चिमाजी आप्पा यांनी १७३९ मध्ये जिंकली, ती पुतण्याने सौद्यात टाकली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी कायमची इंग्रजांची झाली. पुढच्याच वर्षी राघोबा कोपरगावला वारले. एका वाड्यातला सूड असा खाडी ओलांडून गेला.

आडोशाशिवाय उभा राहिलेला माणूस कसा दिसतो, याचे आपल्या काळातले उदाहरण मध्य प्रदेशातले आहे. भूमिहीन आदिवासींसाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये भोसकून हत्या झाली. मारणारा समंदर सिंग. ज्यांचे हितसंबंध सिस्टरांच्या कामाने दुखावले होते, त्यांनी त्याला पुढे केले होते. म्हणजे ‘मला दुसऱ्यांनी करायला लावले’ हे वाक्य त्याच्याकडे तयार होते, आणि ते खोटेही नव्हते. २००२ मध्ये सिस्टर राणी मारिया यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला. पुढे तो केरळला गेला, तिच्या आईसमोर जाऊन उभा राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला सिस्टरांना धन्यवादित घोषित केले गेले.

मॉन्ट्रेसॉरचे बोलणे ज्याने ऐकले, त्याने काय उत्तर दिले, हे पोने लिहिलेले नाही. तो धर्मगुरू असेल, तर दगडांच्या थरांची हकीकत ऐकून झाल्यावर त्याने बहुधा पहिल्यांदा हेच विचारले असेल, की फॉर्च्युनाटोच्या बायकोला पन्नास वर्षांत कोणी जाऊन सांगितले का.